आतल्या आवाजाची उलटतपासणी

भारतीय राजकारणात ‘आतला आवाज’ उघडपणे फार थोड्या वेळा अवतरला आहे. पण जेव्हा अवतरला तेव्हा त्याने घटनांना वळण दिले आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत नीलम संजीव रेड्डी हे काँग्रेस पक्षाचे अधिकृत उमेदवार असताना पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मतदारांना सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेस दुभंगली. पुढे १८ मे २००४ रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सोनिया गांधी यांनी अंतरात्म्याच्या आवाजाचा हवाला देऊन पंतप्रधानपद नाकारले. एका प्रसंगी त्या आवाजाने सत्ता दृढ केली, दुसऱ्या प्रसंगी सत्तेचे पद दूर सारले. समर्थकांना दोन्ही वेळी तो आवाज खरा वाटला, तर विरोधकांना दोन्ही वेळी ती चाल वाटली. यात नवल काही नाही. आतल्या आवाजाची मोठी सोय आणि मोठी अडचण एकच आहे: त्याला साक्षीदार नसतो.

या शब्दाला आपल्याकडे प्रतिष्ठा आली ती गांधीजींमुळे. १९३३ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस येरवड्याच्या तुरुंगात असताना एका रात्री आपणास स्पष्ट आवाज ऐकू आला व त्याने उपवासाची आज्ञा केली, असे त्यांनी जाहीर केले. ८ मे रोजी एकवीस दिवसांचा उपवास सुरू झाला. सरकारने त्याच दिवशी त्यांची सुटका केली आणि उरलेला उपवास पुण्यातील ‘पर्णकुटी’त पार पडून २९ मे रोजी संपला. हा मनाचा भ्रम कशावरून नव्हे, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. दुसऱ्याची खात्री पटेल असा पुरावा आपल्यापाशी नाही, हे त्यांनी ‘हरिजन’मधून मान्य केले, मात्र आपल्या स्वतःच्या मनात शंका नाही, असेही सांगितले. तो आवाज ऐकू येण्यास पूर्वतयारी लागते, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. पुढच्या काळात लोकांनी आवाज तेवढा उचलला आणि पूर्वतयारी सोडून दिली.

थोरांची गोष्ट बाजूला ठेवू. नोकरी सोडावी की धरून बसावे, भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करावे की नाही, म्हाताऱ्या आईला आपल्याकडे आणावे की गावीच राहू द्यावे, असे प्रश्न प्रत्येक घरात आहेत. अशा वेळी ‘मनाला विचार’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पण मन उत्तर देते ते कोणाच्या वतीने? भीतीच्या, अहंकाराच्या, की खरोखरच आपल्या? हे पारखण्याची जी थोडी साधने माणसापाशी आहेत, त्यांत लेखन हे सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. येथे लेखन म्हणजे साहित्यनिर्मिती अभिप्रेत नाही. स्वतःला नीट कळावे म्हणून स्वतःसाठी चार ओळी लिहिणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अर्धवट वाक्यांचा वक्ता

आतल्या आवाजाचा पाश्चात्त्य परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार सॉक्रेटिस. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायासनापुढे त्याने सांगितले की, लहानपणापासून आपल्याला एक आवाज येतो आणि तो फक्त अडवतो. अमुक कर असे तो कधीच सांगत नाही. हा भेद मार्मिक आहे. ज्याला आपल्या मनाचा आवाज नेहमी आपल्याला हवे तेच करावयास सांगतो, त्याने तो आवाज कोणाचा आहे याची चौकशी केलेली बरी. सॉक्रेटिसाने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. त्याला गरजही नव्हती. उलटतपासणीसाठी त्याच्यापाशी अथेन्सचा अख्खा बाजार होता. विचार करणे म्हणजे मनाने स्वतःशी केलेला संवाद, ही व्याख्या प्लेटोने त्याच्याच तोंडी घातली आहे. ज्यांच्यापाशी असा बाजार नाही आणि टोकणारा मित्रही नाही, त्यांना हा संवाद कागदावर करावा लागतो.

तो मनातल्या मनात का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की याच्या विवेचनात सापडते. विचार आणि भाषा यांच्या संबंधावरील त्याचा ग्रंथ १९३४ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. खेळताना मूल स्वतःशी मोठ्याने बोलते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. विगोत्स्कीच्या मते हे बोलणे वयाबरोबर नाहीसे होत नाही, ते आत वळते आणि प्रौढाचे अंतर्भाषण बनते. पण आत वळताना ते आक्रसते. कर्ता गळतो, कारण कोणाविषयी बोलणे चालले आहे हे बोलणाऱ्याला ठाऊकच असते; उरते ते बहुधा विधेय. ‘नालायक’, ‘पुन्हा तेच’, ‘बघून घेईन’, ‘माझ्याच वाट्याला’ हा आपल्या मनातील बोलण्याचा नमुना आहे. विगोत्स्कीने याच्या अगदी दुसऱ्या टोकाला लेखनाला बसविले आहे. लिहिताना समोर कोणी नसल्यामुळे सारे काही शब्दांत मांडावे लागते. अंतर्भाषण हे भाषेचे सर्वांत आखूड रूप, तर लेखन हे सर्वांत सविस्तर.

या एका निरीक्षणात लेखनाच्या आत्मशोधक सामर्थ्याचे बरेचसे रहस्य आहे. मनातला आवाज आपल्याला पटतो, कारण तो आपले वाक्य कधी पुरे करीत नाही. समजा, घराच्या वाटणीवरून एका गृहस्थाचे धाकट्या भावाशी बोलणे तुटले आहे. ‘त्यानेच सुरुवात केली’ हे वाक्य त्याच्या मनात दहा वर्षे घोळते आहे आणि दहा वर्षे ते त्याला पुरले आहे. एके रात्री हेच वाक्य तो कागदावर लिहितो. लगेच कागद विचारू लागतो: कशाची सुरुवात? केव्हा? त्या दिवशी तो काय बोलला? त्याआधी तुम्ही काय बोलला होता? उत्तरे लिहिता लिहिता असे आढळते की, भांडण वाटणीच्या दिवशी झालेच नव्हते. ते झाले होते वडिलांच्या आजारपणात, आणि त्या वेळी रात्रीच्या जागरणांना आपण नव्हतो, तो होता. राग म्हणून जे दहा वर्षे जपले त्याच्या तळाशी शरम होती. हा निष्कर्ष त्या गृहस्थाला कोणी उपदेशक सांगता तर त्याने त्याला घराबाहेर काढले असते. स्वतःच्याच अक्षरात समोर आल्यामुळे तो नाकारता येत नाही.

तेव्हा लेखन म्हणजे आतल्या आवाजाने सांगावे आणि आपण उतरून घ्यावे, असा व्यवहार नव्हे. लेखनात आपण त्या आवाजाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि पुरे वाक्य बोलावयास लावतो.

दोन चोऱ्या, दोन कबुलीजबाब

अर्थात कागदापुढेही खोटे बोलता येते. लेखन म्हणजे आपोआप सत्य, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. या बाबतीत दोन कबुलीजबाब शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्हींचा विषय पौगंडावस्थेतील चोरी हाच आहे.

पहिला रूसोचा. सोळा वर्षांचा असताना तो इटलीतील तुरिन येथे एका सरदारघराण्यातील स्त्रीकडे नोकरीस होता. तिच्या मृत्यूनंतर घरातील वस्तूंची मोजदाद चालू असता त्याने चोरलेली एक जुनी फीत त्याच्याजवळ सापडली. ती आपल्याला मारिओं नावाच्या तरुण स्वयंपाकिणीने दिली, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. मुलगी निरपराध होती. दोघांनाही कामावरून काढण्यात आले. त्या बिचारीला पुढे कोणी आसरा दिला असेल की नाही, या विचाराने रूसो चाळीस वर्षे बेचैन होता. आत्मचरित्र लिहिण्यास आपण प्रवृत्त झालो त्याला हे ओझे मोठ्या प्रमाणात कारण आहे, असे तो सांगतो. १७७८ मध्ये तो वारला आणि १७८२ पासून हे आत्मचरित्र प्रसिद्ध होऊ लागले. गुन्हा त्याने झाकला नाही. परंतु लगेच तो कारणे द्यावयास लागतो. आपल्या मनात दुष्टावा नव्हता. त्या मुलीविषयी आपल्याला ममत्व होते. ती फीत तिलाच द्यावयाची असल्यामुळे तिचे नाव ओठांवर आले. भर सभेतील अपमानाच्या भीतीने आपण गडबडलो. वाचता वाचता असे वाटू लागते की, क्षमा मागावी ती वाचकानेच.

दुसरा कबुलीजबाब गांधीजींचा. वय पंधराच्या सुमाराचे. थोरल्या भावावर पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते आणि त्याच्या हातात सोन्याचे कडे होते. त्या कड्यातील तुकडा कापून कर्ज फेडण्यात आले. पुढे हे कृत्य असह्य होऊन मोहनदासाने वडिलांना सांगावयाचे ठरविले. पण तोंडाने बोलण्याचा धीर होईना. तेव्हा त्याने चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत अपराधाची कबुली होती, योग्य शिक्षेची मागणी होती, वडिलांनी स्वतःला क्लेश करून घेऊ नयेत अशी विनंती होती आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती. कर्ज भावाचे, कडेही भावाचे, ही सबब हाताशी होती. चिठ्ठीने तिचा आधार घेतला नाही. आजारी करमचंद गांधी फळीवर पडून होते. ते उठून बसले, त्यांनी चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून ओघळलेल्या अश्रूंनी कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी ती फाडली आणि ते पुन्हा आडवे झाले.

दोन्ही लेखकांची प्रतिभा, काळ आणि हेतू भिन्न आहेत. त्यांची तुलना करून एकाला गुण व दुसऱ्याला दोष देण्याचा येथे उद्देश नाही. किंबहुना रूसोने ते पान लिहिलेच नसते तर मारिओंचे नावही जगाला कळले नसते. मुद्दा लेखनाच्या दिशेचा आहे. एक लेखन ज्याचा विश्वासघात झाला त्याच्या हाती पडण्यासाठी झाले, तर दुसरे जगापुढे आपली बाजू मांडण्यासाठी. लिहिताना डोळ्यांसमोर कोण वाचक आहे यावर आतला आवाज साक्षीदार होतो की स्वतःचाच वकील, हे ठरते. ज्याला याची खूण हवी असेल त्याने आपल्या लिहिण्यातील ‘कारण’ हा शब्द शोधावा. त्या शब्दानंतर येते ते कधी आकलन असते, कधी सबब. त्या रात्री दोन्ही सारखीच दिसतात. आठवड्याने तेच पान पुन्हा वाचले की, सबब कोठे आहे ते बहुधा कळते.

उसने आवाज

याहून अवघड प्रश्न निराळा आहे. विगोत्स्की म्हणतो त्याप्रमाणे अंतर्भाषण जर बाहेरूनच आत आलेले असेल, तर आत बोलणारा आवाज मुळात आपला आहे कशावरून? आईबापांचा, जातीचा, शाळेचा, गावाचा आवाज आपल्या आत आपल्याच स्वरात बोलत असतो. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य लोकांनी प्रत्यक्ष उच्चारण्याआधी आपणच स्वतःला कितीदा ऐकवतो!

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन प्रांजळपणासाठी आणि विनोदासाठी मराठीत अजोड मानले जाते. लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या कडकडीत सोवळ्याच्या धाकात गेले. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नारायण वामन टिळकांच्या शिकवणीत. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळे तसेच शाबूत होते. नवऱ्याचा धर्म बदलला म्हणून त्यांचे मन बदलले नाही. ते पुढे बदलले, पण स्वतःच्या गतीने. जातिभेद हा देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि त्याचे उत्तर स्वतः दिले, तेव्हा जुने बंध गळून पडले. हे सारे त्या अशा रीतीने सांगतात की, वडिलांचे सोवळे, पतीचा उत्साह आणि स्वतःचा निर्णय हे तीन आवाज वाचकाला वेगवेगळे ऐकू येतात. आत्मज्ञान हा शब्द त्या वापरीत नाहीत. त्यांनी केले ते मात्र तेच होते.

स्वतःतील आवाज असे वेगळे करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तुकोबांच्या गाथेत स्वतःशी चाललेला झगडा पानोपानी आहे आणि समर्थ रामदासांनी तर २०५ श्लोक मनालाच उद्देशून रचले. पश्चिमेकडे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याने दुसऱ्या शतकात डॅन्यूबच्या सरहद्दीवरील मोहिमांच्या काळात ग्रीक भाषेत जी टिपणे लिहिली, त्यांतही तो स्वतःला ‘तू’ म्हणून बजावतो. मनाला ‘तू’ म्हटले की त्याच्यापासून हातभर अंतर पडते, आणि पाहावयाचे तर अंतर लागतेच.

या युक्तीचा आधुनिक मराठीतील सर्वांत जिव्हारी लागणारा उपयोग दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये आहे. १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. ही दोन्ही नावे एकाच माणसाची. दगडू हे घरचे, महारवाड्यातले, अपमान सोसलेले नाव. दया पवार हे लिहिणाऱ्याचे, सभेत घेतले जाणारे नाव. सुशिक्षित, स्थिरावलेल्या माणसाला आपल्यातला दगडू नकोसा झालेला असतो आणि दगडूला या नव्या माणसाविषयी खात्री नसते. ‘मी’ एवढेच म्हणून भागले असते, तर या दोघांमधील दुरावा झाकला गेला असता. पवारांनी दोघांना समोरासमोर बसविले. त्यातून जे बाहेर आले ते आपल्याच समाजातील काहींना रुचले नाही. चव्हाट्यावर हे कशाला, असे विचारणारे होतेच. परंतु त्या पुस्तकानंतर मराठी आत्मकथनाला मागे फिरता आले नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आत्मशोध म्हटला की, एकान्तातील एकटा ‘मी’ डोळ्यांसमोर येतो. तो एकान्त, तो कागद आणि तो वेळ सर्वांना मिळालेला नाही. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता ही जोतीराव फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या सुमाराची विद्यार्थिनी होती. तिने लिहिले ते ‘आम्ही’ म्हणून. फलटणला लहानसे दुकान चालवून बेबीताई कांबळे यांनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून केले. १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले, त्याचे नाव ‘जिणं आमुचं’. माझे नव्हे, आमुचं. आपल्याविषयी लिहावयास बसलेल्या माणसाला आपल्या आत एक अख्खी वस्ती बोलताना सापडू शकते. आणि तिचा आवाज उसना नसतो, हक्काचा असतो. कोणता आवाज लादलेला आणि कोणता वारशाने आलेला, हे ठरविण्यासाठीही तो आधी शब्दांत उतरावा लागतो.

औषध नव्हे, सवय

गेल्या चाळीस वर्षांत या विषयाची प्रयोगशाळेतूनही तपासणी झाली आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहावयास लावले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातील क्लेशकारक घटनांवर. या दुसऱ्या वर्गातही कोणी केवळ हकिकत लिहावी, कोणी केवळ भावना आणि कोणी दोन्ही, अशी विभागणी होती. हकिकत आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. लिहून उठल्यावर लगेच त्यांना बरे वाटले, असे मात्र नाही. त्या वेळी ते अधिकच खिन्न होते. पुढील अभ्यासांतून असेही दिसले की, ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कार्यकारणभाव दाखविणारे व उमज व्यक्त करणारे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. त्यानंतर अशा प्रयोगांची संख्या खूप वाढली आणि त्यांचा एकत्रित ताळा घेतला असता परिणाम खरा पण लहान असल्याचे आढळले.

या निष्कर्षांवरून लेखनाला रामबाण उपाय ठरविणे चुकीचे होईल. गंभीर मानसिक आजारात डॉक्टरांची जागा वही घेऊ शकत नाही. शिवाय तेच ते दुःख चंदनासारखे रोज उगाळीत बसणे हेही लेखनाच्या नावाखाली चालू शकते. पहिल्या दिवशीचे आणि तिसाव्या दिवशीचे पान जर शब्दशः सारखे असेल, तर वही बंद करून एखाद्या जिवलगाशी बोलावे, हे उत्तम. परंतु या प्रयोगांनी एक गोष्ट ठळक केली आहे. नुसती हकिकत पुरत नाही आणि नुसता उमाळाही पुरत नाही. दोन्हींची सांगड घालण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

आपल्या जुन्या जमाखर्चाच्या पद्धतीत यासाठी नेमके शब्द आहेत. व्यापारी दिवसाचा व्यवहार घडेल तसा कीर्दीत लिहितो. पण केवळ कीर्दीवरून कोणाकडे किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे कळत नाही. त्यासाठी त्या नोंदी खात्याखात्यांत नेऊन खतावणी करावी लागते. रोजनिशी ही मनाची कीर्द आहे. ती लिहिणारे पुष्कळ असतात. खतावणी करणारे विरळा. पेशवाईत रोजनिशी म्हणजे कारभाराची नोंदवही. त्या कारभारातील निष्णात फडणीस नाना याने मात्र स्वतःविषयीही थोडे लिहून ठेवले आहे. पानिपतच्या रणधुमाळीनंतर थोड्याच अवधीत थांबणाऱ्या त्या अपुऱ्या आत्मवृत्तात त्याने तरुणपणी आपले मन विषयवासनेकडे कसे ओढले जाई, हेही नोंदविले आहे. दौलतीच्या जमाखर्चात मुरलेल्या या माणसाला स्वतःचे खाते मांडताना नावेची बाजू कोरी ठेवावीशी वाटली नाही, ही लक्षणीय गोष्ट आहे.

कोणासाठी लिहितो?

आज लेखन कमी झाले, असे म्हणता येणार नाही. हातातील फोनवर माणूस दिवसभरात पूर्वी महिन्यात लिहीत नसेल एवढे शब्द लिहितो. पण त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दाला समोर वाचक आहे, तोही तत्काळ दाद देणारा किंवा नाराज होणारा. दुःखाचे निवेदनसुद्धा किती जणांनी पाहिले याच्या हिशेबात होऊ लागले, की लेखणी रूसोच्या वाटेने जाऊ लागते. आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. सांत्वनाचे पत्र, क्षमायाचना, राजीनामा, लग्नाच्या वाढदिवशी द्यावयाचे चार ओळींचे मनोगत, सारे काही यंत्र क्षणात लिहून देते. भाषा शुद्ध असते आणि सूर समंजस असतो. कचेरीच्या पत्रव्यवहारासाठी त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या क्षमायाचनेतील प्रत्येक वाक्याशी आपण झटापट केली नाही, ती वाचणाऱ्याच्या उपयोगी पडली तरी लिहिणाऱ्याच्या पडत नाही. वर उल्लेखिलेल्या त्या गृहस्थाने भावाला पाठवावयाचा मजकूर यंत्राकडून लिहून घेतला असता, तर पत्र उत्तम झाले असते. फक्त वडिलांच्या आजारपणातील ती जागरणे त्याला आठवली नसती.

म्हणून या विषयात मोठा कार्यक्रम सुचविण्याची गरज नाही. एक साधी वही, दिवसातील पंधरा मिनिटे आणि कोणालाही न दाखविण्याचा निश्चय एवढे भांडवल पुरे आहे. काय लिहावे हे सुचत नसेल, तर ज्या माणसाचा राग येतो त्याच्यापासून सुरुवात करावी. वाक्य कर्त्यासह, क्रियापदासह, दिवस-वेळ घालून पुरे लिहावे. दुसऱ्या दिवशी त्यालाच प्रश्न विचारावेत. शाळांतून निबंधाच्या वहीबरोबर गुरुजींनी न तपासावयाची आणखी एक वही मुलांना मिळाली, तर परीक्षेच्या गुणांत भर पडणार नाही. पण मनातला कोणता आवाज वडिलांचा, कोणता मित्रांचा आणि कोणता आपला, हे ओळखण्याची सवय त्यांना योग्य वयात लागेल. ज्या समाजात प्रत्येक जण आपल्या आतल्या आवाजाचा हवाला देतो आणि कोणीच त्याची तपासणी करीत नाही, त्या समाजात शेवटी सर्वांत मोठा आवाज हाच खरा ठरतो.

आपले लिहिलेले उद्या कोणाच्या हाती पडले तर, या भीतीने पुष्कळ जण लिहीत नाहीत. त्यांनी राजकोटच्या त्या चिठ्ठीची आठवण ठेवावी. ती वाचून होताच फाडली गेली. तिचा कपटाही उरला नाही. पण ती लिहिण्यासाठी पंधरा वर्षांच्या मुलाला जे वाक्य पुरे करावे लागले होते, ते त्याच्या आत कायमचे राहिले. कागद फाडावयाचा की ठेवावयाचा, हा प्रश्न नंतरचा आहे.